सहा पट्ट्या, पाच पिशव्या

१

"तुमच्या मंडळींच्या पाचही पिशव्या छान भरल्या हो," रक्तपेढीतल्या सिस्टर हातमोजे काढत म्हणाल्या. "पुन्हा या सगळे."

मी हसून मान डोलावली. आत्या मात्र हसली नाही.

"किती म्हणालात?"

"पाच."

आम्ही सहा जण आलो होतो. काचेच्या दारापलीकडे विश्रांतीच्या खोलीत आमचे चौघे फळांचा रस पीत बसले होते आणि चौघांच्याही कोपराशी निळी पट्टी गुंडाळलेली होती. पाचवी पट्टी माझ्या हाताला, सहावी आत्याच्या.

"सिस्टर, एखादी पिशवी इकडेतिकडे तर झाली नाही ना?"

"इकडेतिकडे?" सिस्टर फणकारल्या. "ती काय दुधाची पिशवी आहे, एखादी दारात राहून जायला? पाच जणांचं रक्त घेतलं, पाच पिशव्या. आणि सहाव्यांना तर..." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली.

आतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "कुणाचं रक्त घेतलं नाही आणि का घेतलं नाही, हे आम्ही त्या माणसाशिवाय कुणालाही सांगत नसतो. तुम्हीही विचारू नये."

"नाही विचारत," आत्या म्हणाली. "म्हणजे एकाचं घेतलं नाही, एवढं नक्की झालं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही जाऊन रस प्या बघू."

आत्याने माझा दंड धरला आणि मला खिडकीकडे नेलं. तिचा हात गार पडला होता. रक्त न देता हाताला पट्टी बांधून आमच्यात येऊन बसलेलं माणूस आम्ही याआधी एकदा पाहिलं होतं. ते माणूस आता या जगात नव्हतं.

२

आमची ही रक्तदानाची सहल कशी सुरू झाली ते सांगते. आम्ही सगळे सकाळी तरणतलावावर भेटणारी माणसं. कप्तान तिथे पोहायला शिकवतात. बोटीवर कधी चढले नाहीत, पण आवाज असा की समुद्रात उभ्या असलेल्या बोटीलाही वळावंसं वाटेल. एकदा त्यांच्याच एका शिष्याला रक्त लागलं तेव्हा आम्ही सगळे ओल्या केसांनी रक्तपेढीत गेलो, बाहेर पडल्यावर भुकेने तडफडत तळ्याकाठच्या खानावळीत जेवलो आणि इतके हसलो, की पुढेही जमेल तेव्हा जायचं असं ठरून गेलं. आधी रक्त, मग जेवण. लोक डोंगरावर जातात, आम्ही रक्तपेढीत जातो.

त्या सहलींचा जीव होते सर. गणित शिकवायचे, आणि पोहताना गुडघे पसरून असे पाय मारायचे की कप्तानांनी त्यांचं नाव 'बेडूक' ठेवलं होतं. सरांची बायको मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका. त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, फक्त कप्तान वहिनी म्हणतात. तीन वर्षांपूर्वीच्या एका सहलीत डॉक्टरांनी सरांना परत पाठवलं होतं, "आधी तपासण्या करून घ्या" म्हणून. सर कुणाला काही बोलले नाहीत. सहलीचा विचका नको म्हणून त्यांनी स्वतःच हाताला पट्टी गुंडाळली, आमच्यात येऊन बसले आणि नेहमीसारखे विनोद करत राहिले. तपासण्या केल्या, पण फार उशिरा. ते गेल्यावर हे सगळं आम्हाला बाईंकडून कळलं. "माझ्या शेजारी बसला होता गं तो, मला एवढीशी पट्टी ओळखता येऊ नये?" हे वाक्य कप्तानांनी माझ्यापाशी किती वेळा म्हटलं असेल.

म्हणून खिडकीपाशी उभी राहून मी आत्याला म्हटलं, "सगळ्यांना विचारून टाकू या."

"आणि जो लपवतोय तो लगेच सांगेल, नाही का?" आत्याने उभी हयात विमा कंपनीत दाव्यांची शहानिशा करण्यात घालवली होती. जळालेली दुकानं, चोरीला गेलेले दागिने, मोडलेले आणि न मोडलेले पाय. "माणसाला थेट विचारलं की तो तयार केलेलं उत्तर देतो. जेवायला चला. तू डोळे उघडे ठेव आणि तोंड बंद."

आम्हा दोघींचे पलंग शेजारी होते. एकमेकींच्या पिशव्या भरताना आम्ही पाहिल्या होत्या. बाकीच्यांना पलीकडच्या खोलीत, पडद्यांच्या आड झोपवलं होतं. म्हणजे उरले चौघे: कप्तान, बेकर काका, बाई, आणि कप्तानांचा नवा जावई. त्याची ही पहिलीच सहल.

गाडीकडे जाताना मी हळूच म्हटलं, "जावईच असणार. बघ ना, कसा पांढराफटक पडलाय."

मागे वळून पाहिलं तर जावई जागेवर नव्हता.

३

तो गाडीच्या मागे सापडला, पायरीवर बसलेला, डोकं गुडघ्यात.

"जावईबापू, काय होतंय?" आत्या त्याच्याशेजारी टेकली.

"काही नाही, काही नाही. जरा ऊन लागलं." ढग दाटून आले होते.

आत्याने त्याचा हात हातात घेतला. निळ्या पट्टीच्या कडेखालून जांभळट डाग पसरला होता. "शीर सरकली वाटतं?"

"दोनदा टोचलं," तो रडवेला होऊन म्हणाला. "मला सुईची भयंकर भीती वाटते. लहानपणापासून. पण सासऱ्यांनी 'येणार ना?' म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? आत्या, त्यांना सांगू नका हं. आधीच ते मला पाण्यात ढकलायची संधी शोधताहेत."

"नाही सांगत. पण एक सांग, आत डॉक्टरांनी काय काय विचारलं तुला?"

"पुष्कळ. ताप आला होता का, औषधं चालू आहेत का, दात काढलाय का, कान टोचले, गोंदवून घेतलं... टोचून घेता घेता मी कण्हतच म्हटलं, मला ही एक सुई झेपेना, गोंदवतोय कुठला." तो जरासा हसला, मग पुन्हा पडेल चेहऱ्याने म्हणाला, "मी आत कण्हत होतो तेव्हा पडद्यापलीकडून कुणीतरी हसलं. तोंड दाबून. मला फार लाज वाटली."

"कोण हसलं?"

"दिसलं नाही. आवाजही ओळखू आला नाही."

त्याला आधी गाडीत बसवून आम्ही मागे राहिलो. आत्या म्हणाली, "तो नाही. डाग खोटा आणता येत नाही."

"मग हसलं कोण?"

"तेच मला कळत नाही," आत्या म्हणाली, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "ज्याला नुकतंच 'तुमचं रक्त घेता येणार नाही' असं सांगितलंय, त्या खोलीत हसण्यासारखं काय होतं?"

४

तळ्याकाठची खानावळ म्हणजे पाण्यावर पुढे आलेला लाकडी ओटा आणि त्यावर मांडलेली टेबलं. बेकर काका घरून पावांची भली मोठी टोपली घेऊन आले होते, आणि ती त्यांनी पट्टीच्याच हाताने उचलली.

"काका, त्या हाताने नको!" मी ओरडले.

"अगं, पन्नास किलोची पोती उचलतो मी," काका म्हणाले आणि खिशातून गोळी काढून तोंडात टाकली. आत्याची नजर गोळीवर गेलेली त्यांनी पाहिली. "पित्ताची आहे. डॉक्टरांना विचारलंय. चालते म्हणाल्या."

खरं सांगत होते की नव्हते? मी आत्याकडे पाहिलं. आत्या त्यांच्या कोपराकडे बघत होती. निळ्या पट्टीवर मधोमध लाल ठिपका उमटला होता आणि बघता बघता मोठा होत होता.

"टोपली खाली ठेवा आधी! हात वर करा!" आत्याने त्यांना खुर्चीत दाबून बसवलं आणि पट्टीवर अंगठा धरला. काका चोरासारखे हात वर करून बसले. बाकी काही का असेना, रक्त न देणाऱ्याच्या पट्टीतून रक्त गळत नाही.

उरले दोघे.

बाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. कोपरापर्यंत बाह्यांचा पांढरा सदरा, कडक इस्त्रीचा. त्या निवांतपणे सूप पीत होत्या. कप्तानांनी मात्र ताटाला हात लावला नव्हता. एरवी जेवणाच्या टेबलावर त्यांचा आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत जायचा. आज तळ्याकडे तोंड करून गप्प होते. चेहरा ओढलेला.

कप्तान? आमचे कप्तान?

आत्या उठून त्यांच्याजवळ गेली, मीही पाठोपाठ. "काय झालंय? भांडत का नाही आज कुणाशी?"

"वहिनींकडे बघ," ते कुजबुजले. कप्तानांना कुजबुजता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "किती दिवस झाले, पाण्यात उतरलेल्या नाहीत. कानात पाणी गेलंय म्हणतात. मघाशी मी खांद्यावर नुसता हात ठेवला तर केवढ्याने दचकल्या, जशी काही दुखरी जागाच दाबली मी. बेडूकही अशीच काहीबाही कारणं सांगायचा. मला झोप लागत नाही गं."

मला सकाळचं आठवलं आणि न राहवून मी बोलले, "पण कानाला पाणी लागू द्यायचं नसेल, तर आज सकाळी बाईंचे केस ओले कसे होते? गाडीत माझ्याच शेजारी होत्या. नुकतंच न्हाऊन आल्या होत्या, कानात कापूसही नव्हता."

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी शाळेत पहिली आल्यासारखं मला वाटलं. पण मी इथेच थांबायला हवं होतं. मी पुढे म्हणाले, "आणि पिशव्या पाचच..."

"कसल्या पाच?" कप्तान गर्रकन वळले.

५

पुढचं सगळं फार झपाट्याने झालं. कप्तान टेबलाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांचा खरा आवाज परत आला.

"पट्ट्या काढा! सगळ्यांनी! पिशव्या पाच भरल्यात आणि आपण सहा आहोत. कुणीतरी पुन्हा तोच खेळ खेळतंय, आणि या वेळी मी तो चालू देणार नाही!"

त्यांनी आधी स्वतःची पट्टी खसकन ओढून काढली. कोपराच्या खळगीत सुईची लाल टिकली स्पष्ट होती. जावयाने काढली. बेकर काकांनी नुसता अंगठा उचलून दाखवला. मग सगळ्यांच्या माना टेबलाच्या टोकाकडे वळल्या.

बाईंनी चमचा खाली ठेवला. पट्टीला हात लावला नाही.

"वहिनी," कप्तानांचा आवाज फाटला. "कधीपासून? काय म्हणाले डॉक्टर?"

"थांबा," आत्या मध्ये आली. "बसा आधी. बाईंना काहीही झालेलं नाही. ठणठणीत आहेत त्या." मग ती बाईंकडे वळली. "बाई, तुम्ही सांगता की मी सांगू? नाहीतर कुणीच काही सांगणार नाही. तुमची मर्जी."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्यासमोर आम्ही सगळेच विद्यार्थी. "तू सांग. तुझं कितपत बरोबर येतंय ते बघू."

आत्या चक्क हात मागे बांधून उभी राहिली.

"पहिली गोष्ट, तुमची पट्टी. सिस्टर पट्टी कात्रीने कापतात. आमच्या सगळ्यांची टोकं सरळ आहेत, तुमचं टोक फाटलेलं आहे. एका हाताने पट्टी गुंडाळताना कात्री धरता येत नाही, दातांनी तोडावी लागते. दुसरी, तुमची बाही. रक्त घेताना दंडावर पट्टा आवळतात. आमच्या बाह्या बघा, चुरगळून बोळा झाल्यात. तुमच्या बाहीची इस्त्री अजून तशीच आहे. म्हणजे रक्त दिलं नाही ते तुम्हीच. हे मला रक्तपेढीतच दिसायला हवं होतं, पण मी घाबरले होते. घाबरलेल्या माणसाला सगळीकडे आजारच दिसतो."

"बरोबर. पुढे?"

"पुढे प्रश्न असा, की का दिलं नाही? पोहणं बंद, कारण कान. पण डोक्यावरून न्हायलात, म्हणजे कान ठीक आहे. नळाखालचं पाणी चालतं, तरणतलावात डुंबणं चालत नाही. असं काय असतं? दुखणं आतलं नसून कातडीवर आहे. कप्तानांनी खांद्यावर हात ठेवला तर दचकलात, म्हणजे दंडाच्या वरच्या भागात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पडद्याआड तुम्ही हसत होतात."

"ते माझ्यावर नव्हतं तर?" जावई एकदम बोलला.

"तुझ्यावरच होतं, पण तुझ्या कण्हण्यावर नाही. तू डॉक्टरांना म्हणालास ना, 'एक सुई झेपेना, गोंदवतोय कुठला'? ते पलीकडच्या माणसाने ऐकलं. वाईट बातमी लपवणारं माणूस हसायचा प्रयत्न करतं. सर तसेच हसत होते, आता आठवलं की कळतं. बाई तर हसू दाबत होत्या." आत्याने दम घेतला. "गोंदवून घेतलं की बरेच महिने रक्त देता येत नाही. बाई, तुम्ही गोंदवून घेतलंय."

जावई तोंड उघडं ठेवून बाईंच्या बाहीकडे बघायला लागला.

"दहापैकी नऊ," बाई म्हणाल्या. "चित्र कसलं ते सांगितलं नाहीस."

६

त्यांनी बाही वर सरकवली. डाव्या दंडावर, जेमतेम पेरूएवढा, एक बेडूक होता. गोंदवणाऱ्याचा हात सराईत होता, पण बेडूक काही सराईत हाताचा नव्हता. डोळे लहानमोठे, पाय वाकडे, तोंड कानापर्यंत. सर घरात चिठ्ठी ठेवून जायचे तेव्हा सहीच्या जागी असला बेडूक काढायचे, हे बाईंनी आम्हाला तेव्हा सांगितलं.

"गोंदवणारा माझ्या शाळेतल्या शिपायाचा मुलगा निघाला," बाई म्हणाल्या. "मला बघून उभाच राहिला. 'बाई, तुम्ही?' म्हणे. कितीदा सांगितलं तरी खाली बसेना. शेवटी मलाच म्हणावं लागलं, बस, नाहीतर रेघ वाकडी येईल. तर म्हणतो, बाई, ती आधीच वाकडी आहे."

बेकर काका खो खो हसायला लागले आणि अंगठा सुटून त्यांची पट्टी पुन्हा भिजली.

कप्तान मात्र हसले नाहीत. "मग ही पट्टी कशाला?" ते म्हणाले. "खरं सांगायचंत की. मला केवढा... मला काय वाटलं माहीत आहे?"

बाईंचं हसू उतरलं. "चुकले. पिशव्या कुणी मोजेल असं मनातही आलं नाही. बाहेर येऊन 'मला परत पाठवलं' म्हटलं असतं तर तुम्ही कारण ऐकायच्या आधीच कोसळला असतात. आणि कारण सांगायची लाज वाटत होती. मुलींच्या हातावरचं पेन साबणाने घासून काढायला लावणारी बाई मी. ट्रेमध्ये पट्टी दिसली आणि हात गेला. त्यांचीच युक्ती, हे गुंडाळून झाल्यावर लक्षात आलं."

"असली युक्ती पुन्हा करायची नाही," कप्तान म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसत नव्हते.

"नाही करणार. पण तुम्हीही एक करायचं नाही." बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "दोन वर्षं झाली, तुम्ही सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलताय. मी खोलीत आले की विनोद थांबतात. पोहताना माझा हात चुकला तरी कप्तान म्हणतात, 'छान, वहिनी, छान.' अहो, माझं काय छान असतं? त्यांच्या आठवणीने मला नेहमी रडूच येतं असं नाही हो. पुष्कळदा हसू येतं. पण कुणासमोर हसायचं, तेच कळत नव्हतं. म्हणून हा गोंदवून घेतला. आरशात दिसला की रोज सकाळी हसते."

माझ्या बाजूला आत्याने नाक ओढलं. आयुष्यभर खोटे दावे पकडणाऱ्या माझ्या आत्याला असं नाक ओढताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

कप्तान उठले आणि ओट्याच्या टोकाला गेले. परत आले ते जावयाच्या शेजारची खुर्ची ओढून बसले, त्याच्या हातावरचा जांभळा डाग त्यांनी पाहिला आणि स्वतःची फळांची ताटली त्याच्यापुढे सरकवली. मग बाईंच्या दंडाकडे पुन्हा नीट निरखून पाहिलं.

"दुखलं का?"

"भयंकर."

"हं." ते आणखी जवळ वाकून म्हणाले, "पाय चुकलेत."

"काय?"

"बेडकाचे मागचे पाय. पोहताना बेडूक टाचा आत ओढतो, मग बाहेर झटकतो. ह्याच्या टाचा बाहेरच आहेत. असा बेडूक जागच्या जागी बुडेल."

"त्यांनी काढला होता तसाच काढलाय."

"त्याला कुठे कळत होतं? पंचवीस वर्षं घसा फोडला मी त्याच्यासमोर, टाचा आत, टाचा आत! आणि तुमचंही तेच आहे, वहिनी! दोन वर्षं बघतोय, गुडघे किती फाकवता! छान कसलं, बिघडलंय सगळं!"

"माझे गुडघे फाकतात? तुम्ही बघता कुठून, काठावर चहा पीत?"

जेवण संपलं, आम्ही गाडीत बसलो, मी गाडी चालवायला घेतली, तरी ते चालूच होतं. मागच्या सीटवर कप्तान हातवारे करून बेडकाचे पाय समजावत होते, बाई मध्येच तोडून त्यांची चूक काढत होत्या, बेकर काका कधी ह्या बाजूने तर कधी त्या बाजूने तेल ओतत होते, आणि जावई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपला होता. आवाज इतका चढला, की सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून पाहिलं.

"घरी लवकर पोचायचंय का कुणाला?" मी आत्याला विचारलं.

"छे," आत्या म्हणाली.

मी पुढच्या चौकात तळ्याला वळसा घालणारा लांबचा रस्ता धरला आणि गाडी हळू केली.